खुंट्याला धरून मागे मागे

हातातलं सगळं खाली ठेवा. पुढच्या प्रवासाला दोन्ही हात मोकळे हवेत. मनगटावर घड्याळ असेल तर तेही काढा. पिठात माखेल, आणि जिथे जायचंय तिथे त्याचा काही उपयोगही नाही. गाडी नाही, घोडा नाही. धरायला फक्त एक लाकडी खुंटा आहे. घट्ट धरा.

पहिला मुक्काम जवळचाच, सत्तरेक वर्षं मागे. सातारा जिल्हा, पाटण तालुका, कोयनेच्या खोऱ्यातली उतारावरची वाडी. आषाढातली पहाट म्हणायची, पण अजून रात्रच आहे. पाऊस छपरावर इतका कोसळतोय की शेजारच्या माणसानं कानाशी येऊन बोलल्याशिवाय काही कळत नाही. ओल्या घोंगडीचा, शेणाचा आणि चुलीत धुमसणाऱ्या लाकडाचा वास एकमेकांत मिसळलाय. डोळे चुरचुरतात. गोठा आणि माणसांची जागा यांच्यात गुडघाभर भिंत; पलीकडची म्हैस तुमच्या मानेवर गरम उसासा टाकते आणि तुम्ही दचकता. उजेड आहे तो एका रॉकेलच्या चिमणीचा. त्या उजेडात काळ्या दगडाचं जातं, आणि जात्यापलीकडे घरची आजी.

"बस लेकरा. एक पाय लांब कर, एक मुडपून घे. असं. आता धर खुंटा."

तुम्ही धरता. जातं हलत नाही. मग आजीचा हात तुमच्या हाताच्या वर येतो, आणि दगड घरघरत निघतो. तिच्या डाव्या मुठीतून नाचणीची वैरण तोंडात पडते, थोडीच, मोजून. दहा-बारा फेऱ्यांत तुमचा खांदा बोलायला लागतो. ती मात्र ओवी म्हणते आहे, एका फेऱ्याला एक हिसका, त्या हिसक्यावर शब्द बसवलेला. तुमची लय चुकली की तिची ओवी अडते आणि ती तुमच्याकडे बघते. "हलक्या हातानं रं. दगुड दगडावर घासला तर पिठात खर उतरंल." कडेनं लालसर पीठ गळत राहतं. त्यात बोट घाला. कोमट आहे. घासल्यानं आलेली ही ऊब, आणि तिच्यावर नाचणीचा किंचित मातकट, गोडसर वास. पिठाची गिरणी अजून हा डोंगर चढून आलेली नाही. रोज पहाटे, घरातली सगळी पोटं मोजून, हे असंच.

शेतीची गोष्ट सांगताना पुस्तकं नांगर दाखवतात, बैलजोडी दाखवतात, पेरणारा पुरुष दाखवतात. मला ती गोष्ट तिथून सुरू झालेली पटत नाही. माझं म्हणणं असं, की शेती शिवारात उगवली नाही. ती दळणाच्या दगडापाशी आणि आंबवणाच्या मडक्यापाशी उगवली. शिवार नंतर आलं. ते तुम्हाला दाखवायचं म्हणूनच हा खुंटा तुमच्या हातात दिलाय.

उजाडतं. काठवटीत पीठ, त्यात आधणाचं पाणी. नाचणीला गव्हाचा चिवटपणा नाही, म्हणून उकळत्या पाण्यानंच ती वळणीवर येते. आजी मळते तेव्हा तळव्याखाली पीठ चुरचुरतं. भाकरी थापण्याचा आवाज, तव्यावर पाणी फिरवल्याचा फस्स, मग निखाऱ्यापुढं उभी केलेली भाकरी टम्म फुगते आणि तिच्या पापुद्र्यातून वाफ निसटते. पहिली भाकरी तुम्हाला. चटका बसू द्या. सोबत हुलग्याचं माडगं. हा हुलगा लक्षात ठेवा. पुढं एका ठिकाणी तो ओळखीचा माणूस भेटावा तसा भेटणार आहे.

आता चुलीच्या उबेला, कोपऱ्यात, फडकं बांधलेलं गाडगं दिसतंय? त्याच्यावर वाका. आंबट वास थेट नाकाच्या शेंड्याला लागतो. रात्री नाचणीचं पीठ ताकात कालवून ठेवलेलं आहे, आणि रात्रभर त्यात कोणी तरी काम केलंय. वर बारीक बुडबुडे. आजी हुंगते, मान हलवते: "आलंय." मग ते उकळत्या पाण्यात ओतायचं, ढवळायचं, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. ही आंबील. दुपारी नाचणीच्या लावणीला डोक्यावर इरलं घेऊन तुम्ही चिखलात वाकलेले असाल, पायाला जळू चिकटलेली असेल, कंबर सरळ होत नसेल, तेव्हा बांधावरून हीच आंबील गार होऊन येईल. घशातून उतरताना आंबट, मग जरा गोड, आणि पाचव्या घोटाला तुम्ही पुन्हा वाकायला तयार. भाकरी पोट भरते. आंबील कामाला उभं करते.

निघण्याआधी पाळण्यापाशी या. तान्ह्यासाठी नाचणीचं सत्त्व केलंय. नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवली, दळली, वस्त्रगाळ केली. मोड येताना दाण्यातली पिठूळ साठवण फुटते आणि साखरेकडे झुकते. म्हणून सत्त्वाची पेज जिभेवर आपसूक गोड लागते आणि बाळाला पचते. युरोपातला बीअर करणारा माणूस जवाचं हेच करतो. भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, भरडतो. त्याच्या कारखान्याची पहिली पायरी आणि आपल्या बाळंतिणीच्या खोलीतली ही वाटी, दोन्हीकडे एकच रसायन आहे. पुढं फाटा फुटतो. लगेच शिजवलं तर पेज. काही तास आंबट होऊ दिलं तर आंबील. ऊब आणि दिवस दिले, योग्य विरजण पडलं, तर डोकं हलकं करणारं पेय.

तिकडे सांगलीच्या पूर्वेला, जतच्या माळावर, पाऊस असा कधी कोसळत नाही. तिथं शाळूचा मुलूख. तरी यल्लम्माच्या नैवेद्याला आंबील-घुगऱ्या लागतातच. मार्गशीर्षातल्या थंडीत भंडारा उधळलेला, ढोल-हलगीचा कानठळ्या बसवणारा कडकडाट, धूळ, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, आणि द्रोणात पांढुरकी आंबट आंबील. देवीला गोडधोड पक्वान्न नको, हेच हवं. एकट्यादुकट्यानं पिण्याची ही वस्तू नव्हे, हे त्या गर्दीत खांद्याला खांदा लागला की कळतं. पुढच्या मुक्कामांवर याचा उपयोग होईल.

चला. खुंटा सोडू नका.

फेरे उलटे फिरू लागतात. गिरण्या गेल्या, रेल्वे गेली, मिरची गेली, मका गेला. आगाशिवाच्या डोंगरात कऱ्हाडजवळ लेणी कोरणाऱ्यांच्या छिन्न्यांचा ठणठणाट कानावर येतो आणि तोही मावळतो. त्याच सुमाराला हातात काही तरी विचित्र होतं. वरचा दगड फिरेनासा होतो. खुंटा ढिला पडतो, निसटतो. आणखी मागं तुम्ही उतरता तेव्हा गोल फिरणारं जातं या मुलखात उरलेलंच नाही. तुमच्या पुढ्यात आहे एक लांबट, मध्ये खोलगट दगड आणि त्यावर सरकवायचा दुसरा. आता गुडघ्यांवर यायचं.

डोळे उघडा. ऊन आहे, कडक, फाल्गुनातलं. साताऱ्याहून उत्तरेला, नीरा ओलांडून, भीमा ओलांडून, घोड नदीच्या उजव्या काठावर तुम्ही आहात. पुढं या जागेला इनामगाव म्हणतील. घोड भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला, तेव्हा पाण्याच्या नात्यानं आपण अजून घरच्याच अंगणात आहोत. मागं आलोय सव्वातीन हजार वर्षं. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी १९६८ पासून बरीच वर्षं इथली माती थराथरानं उलगडतील, शंभराहून जास्त घरांच्या जमिनी उघड्या करतील. आज त्या जमिनींवर माणसं चालताहेत.

आधी वास घ्या. जनावरांचा गोठा, वाळलेला कडबा, नदीकडून येणारा माशांचा वास, आणि मोठ्या खड्ड्यात निखाऱ्यांवर भाजणारं मांस. गावाच्या कडेला कुंभाराची भट्टी धुमसतेय. वारा फिरला की सगळे खोकतात. चौकोनी घरं, बुटक्या मातीच्या भिंती, वर कुडाला लिंपलेला चिखल, गवती छप्पर. वाकून आत जा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसत नाही, पण तळपायाला चोपून गुळगुळीत केलेली गार जमीन लागते. हळू. या जमिनीखाली घरातलं एक लहानगं झोपलंय. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली आणि त्यांच्या पोटात ते ठेवलं. आई त्याच जमिनीवर स्वयंपाक करते, त्याच जमिनीवर झोपते. अशी मडकी इथल्या घराघरांत आहेत. धान्य पिकवणारं गाव म्हणजे पोरांनी भरलेलं गाव, आणि पोरं गमावलेलं गावही. तिच्याकडे बघून उगाच हळहळू नका. ती कामात आहे.

कोपऱ्यात मातीच्या गोल ओट्यावर कणगी. जमिनीत चुन्यानं लिंपलेलं पेव. हात घाला: दाणे गार, गुळगुळीत, आणि टोकाला बोचरे. जव. गहू थोडाच आहे, लाडका पण लहरी. कमी पाण्यात जो तगतो तो जव या गावाचा पोशिंदा. शेजारच्या गाडग्यात मसूर, लाख, पावटा. आणि हा बघा, हुलगा! पाटणच्या चुलीवर माडगं झालेला तोच चपटा तांबूस दाणा. बाहेर बोरांच्या आठ्यांचा खच. वाणसामानाची ही यादी तुमच्या आजीला वाचून दाखवली असती तर तिला एकही नाव परकं वाटलं नसतं.

बाई तुम्हाला दगडापाशी बसवते. भाषा कळत नाही, पण हाताचा इशारा कळतो. जवाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. आधी भाजायचं, मग कांडायचं, मग पाखडायचं. कूस उडून घामाला चिकटते, मानेवर खाज सुटते. आता गुडघे टेका, पायाची बोटं मागं दुमडा, अंगाचा भार पुढं लोटा, मागं खेचा. पुन्हा. पुन्हा. जात्यावर निदान फेरा पूर्ण होतो. इथं प्रत्येक वेळी थांबून परत सुरुवात. पीठ निघतं ते जाडंभरडं, आणि त्यात दगडाची कचही असते, ती दातांखाली आल्यावर कळेल. सीरियात अबू हुरेरा नावाच्या प्राचीन वस्तीत सापडलेल्या सांगाड्यांवर याच बसण्याच्या खुणा आहेत: पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला, गुडघ्यांची हाडं खडबडीत झालेली, कंबरेचे मणके बिघडलेले. बहुतेक बायकांचे सांगाडे. राजांची चरित्रं दगडावर कोरलेली असतात. या बायकांचं चरित्र त्यांच्या हाडांवर कोरलं गेलं आणि ते कोणी तरी वाचलं, याचं मला फार मोल वाटतं.

चुलीच्या मध्ये मडकं टेकवायला मातीचा उंचवटा आहे. त्यावर जवाची पेज रटरटते. बाजूला राखेत जाड रोट भाजला जातोय. वरची काळी राख झटकून मोडला की आतून वाफ. चव? खरपूस, थोडी कडवट, चिकट, आणि कच. मीठ जपून वापरतात. सोबत भाजलेल्या मांसाचा तुकडा, आणि मग ते भांडं पुढं येतं.

ते हातात घेण्याआधी टिचकी मारा. टण्ण! भाजणी इतकी पक्की की मातीनं धातूचा सूर धरलाय. लाल-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, पोट कंगोऱ्यात वळलेलं आणि बाजूला लांब तोटी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात अशी भांडी १९५०-५१च्या उत्खननात मिळाली म्हणून या साऱ्या लोकांच्या संस्कृतीला जोर्वे हे नाव पडलं. तोटीतून काय वाहत होतं याची साक्ष मडक्यानं ठेवलेली नाही. ओतणारी मी आहे, आणि मी त्यात जवाची पातळ, रात्रभर आंबलेली पेज ओतते आहे. ज्या घरात पेव भरलेलं आहे, दुपारी असा उन्हाळा आहे आणि रात्रीची उरलेली पेज मडक्यात आहे, तिथं सकाळी आंबट बुडबुडे येणारच. ते टाकून देण्याइतकं धान्य कोणाकडेच फार नव्हतं. प्या. तोटी ओठाला न लावता, वरून. भांडं पुढच्या हातात द्या. ते फिरत राहतं, हसणं वाढत राहतं. बाहेर पुराचं पाणी वळवायला खणलेल्या पाटावर पुरुषमंडळी चिखल उपसून आलीत. त्यांच्या अंगाला ओल्या मातीचा वास आहे, आणि भांडं त्यांच्याकडे पोचलं की ते लवकर परत येत नाही.

जव आणि गहू इथले नव्हेत. ते पश्चिमेकडून, हजारो वर्षं हातोहात येत घोड नदीच्या काठाला पोचले. आपल्या नाचणी-शाळूचं गोत्र मात्र दुसरीकडे आहे, म्हणून एक वळण घेऊ. धावती भेट, कारण ऊन सोसवणार नाही.

पूर्व सुदान, बुटानाचा गवताळ माळ, पाच हजारांहून जास्त वर्षं मागे. पायाखाली काळी, भेगाळलेली माती. जतच्या माणसाला इथं परकं वाटायचं कारण नाही. एक बाई मडकं घडवतेय, माती तडकू नये म्हणून तिच्यात भुस्सा मळतेय. तो भुस्सा ज्वारीचा आहे, आणि भाजताना तो जळून गेला तरी त्याचे ठसे खापरात राहतील. त्या ठशांवरूनच पुढं अभ्यासकांना कळणार आहे की इथं जंगली ज्वारीचं पीक होऊ लागलं होतं. त्याच सुदानात आजवर ज्वारीची दोन रूपं टिकून आहेत. आंबवलेल्या पातळ पिठाचा कागदासारखा पोळा, किसरा. आणि मेरीसा: थोडी ज्वारी मोड आणून वाळवलेली, थोडं पीठ आंबवून करपेपर्यंत भाजलेलं, आणि मग सगळं पुन्हा आंबवलेलं दाट, धुरकट, आंबट पेय. नाचणीचंही तसंच. पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातून ती आली. युगांडात तिची बीअर होते, नेपाळ-सिक्कीमच्या थंडीत तिचाच तोंगबा लाकडी भांड्यात गरम पाणी ओतून नळीनं ओढतात. आपल्याकडे हे दोन्ही दाणे समुद्र ओलांडून आले, आणि भाकरी-आंबिलीची जोडी इथंही जुळली. ज्या दाण्याला खाता आणि पिता येतं त्याच्यासाठी माणूस समुद्रही ओलांडतो.

आता लांबची उडी. श्वास धरा. वाटेत शेतं विरळ होतात, मग तुरळक, मग एकही नाही. नांगर नाही, बैल पाळलेला नाही, मडकं नाही. तेरा हजार वर्षं मागे.

भूमध्य समुद्राजवळ, आजच्या हैफापासून जवळ, कार्मेल डोंगरातली राकेफेत गुहा. पहिला वास पुदिन्याच्या कुळातल्या, रानातल्या उग्र पानाफुलांचा. खाली बघा: खडकातल्या थडग्यांच्या तळाला फुलं अंथरलीत. या लोकांना आपण नातूफी म्हणतो. शेती त्यांना ठाऊक नाही. ते शिकार करतात, वेचतात, आणि मेलेल्यांना फुलांवर निजवतात. आज कोणी तरी गेलंय. लांबलांबून माणसं आलीत. गुहेत गर्दी, घामाचा आणि कातड्याचा वास, कोणी रडतंय, कोणी मोठ्यानं बोलतंय, पोरं मध्येच धावताहेत.

आणि खडकातच कोरलेली उखळं. हात घाला, काही तर कोपरापर्यंत खोल. तिथं जे चाललंय ते तुम्हाला पाटणच्या पाळण्यापाशी दाखवलंय. दाणे भिजवलेत, मोड आणलेत, वाळवून विणलेल्या टोपल्यांत भरून दगडी खळग्यात जपलेत. आता ते कुटताहेत. मग पाण्यात गरम करायचे, पण उकळी फुटू द्यायची नाही. मग झाकून दिवस मोजायचे. स्टॅनफर्डच्या ली लिऊ आणि त्यांच्या सोबत्यांनी या उखळांच्या भिंतींना चिकटलेले पिष्टाचे सूक्ष्म कण २०१८ मध्ये तपासले, तेव्हा त्यांच्यावर मोड आणल्याच्या आणि आंबवल्याच्या खुणा मिळाल्या. चाखा. काचेच्या पेल्यातलं पिवळं, फेसाळ काही समोर येईल अशी आशा धरू नका. दाट, गढूळ, कोंडा तरंगतोय, आंबट. आंबिलीच्या घरातलं काही तरी, फक्त कानशिलं जरा गरम होतात. दुःखाच्या माणसाला एक ओंजळ, दुरून आलेल्याला एक ओंजळ. जतच्या गर्दीत खांद्याला खांदा लागला होता तो आठवा.

अमेरिकेतले उत्खननतज्ज्ञ रॉबर्ट ब्रेडवूड यांनी भाकरीसाठी शेती सुरू झाली असं मांडल्यावर जोनाथन सॉअर या वनस्पतिशास्त्रज्ञानं विचारलं, बीअरसाठी का नाही? १९५३ मध्ये त्यावर जाणकारांची लेखी चर्चाच झडली. आधी भाकरी की आधी बीअर, असं ते भांडण सत्तर वर्षं चाललंय. मला त्यात एक बाजू घ्यावीशी वाटत नाही. आजीच्या चुलीपाशी दोन्ही एकाच पिठातून, एकाच सकाळी निघत होती.

शेवटचा मुक्काम. आणखी थोडं मागे, चौदा हजार चारशे वर्षं. जॉर्डनच्या ईशान्येला, काळ्या वाळवंटात. उतरलात की खाली बघा आणि खडक हाताळा. काळा, जड, बारीक भोकांचा, लाव्ह्याचा. सह्याद्रीतला काळा पाषाण! आजीचं जातं ज्या जातीच्या दगडाचं होतं त्याच जातीचा दगड इथं क्षितिजापर्यंत पसरलाय. शुबायका म्हणतील या जागेला. पावसाळ्यात पाणी भरणारी एक सखल जागा, कडेला लव्हाळ्याचं रान, आणि काळ्याच फरशांची जमीन असलेलं एक गोल घर. मध्ये दगडांनी बांधलेली चूल.

आज पाहुणे यायचेत. म्हणून तुम्हाला कामाला जुंपलंय.

आधी वेचणी. रानातला जंगली जव, जंगली गहू. पिकलेली ओंबी धरा बघू. धरलीत की फुटली, दाणे मातीत. जंगली गवताचा हा धर्मच आहे, दाणा पिकला की स्वतःच गळायचं आणि रुजायचं. तुम्ही टोपली खाली धरून हलकेच झोडपता, निम्मे दाणे टोपलीत, निम्मे वाऱ्यावर. एखादीच ओंबी हट्टी असते, गळत नाही, ती तशीच तुमच्यासोबत घरी येते. त्या हट्टी ओंबीवर नजर ठेवा. माणसं कापणी करून तिचंच बी पेरायला लागतील, हजारो वर्षं तेच करत राहतील, आणि मग शिवारभर सगळ्याच ओंब्या न गळणाऱ्या होतील. त्या माणसावाचून रुजणार नाहीत, आणि माणूस त्यांच्यावाचून जगणार नाही. पण आज तसं काहीच नाही. आज रान आहे, ऊन आहे आणि तुमची अर्धी भरलेली टोपली.

मग लव्हाळ्याच्या चिखलात हात घालून कंद उपसायचे. आपल्या नागरमोथ्याच्या कुळातले, लहान, कठीण. नखांत चिखल जातो. ते वाळवायचे, सोलायचे. दाणे भाजायचे, कांडायचे, पाखडायचे. कूस नाकात. मग गुडघ्यांवर. काळ्या दगडावर काळा दगड. एक मूठ पिठासाठी किती वेळ गेला, हे सूर्य किती सरकला त्यावरून कळतं. तेवढ्या वेळात शिकारी एक हरीण घेऊन आलेत, आपल्या चिंकाऱ्याच्या जातीचं, आणि ते सोलून भाजूनही होत आलंय. पोट भरायचं असतं तर मांस पुरे होतं. कंद नुसते भाजून खाल्ले असते तरी चाललं असतं. कोपनहेगनच्या अमाया अरांझ-ओताएगी आणि त्यांच्या सोबत्यांनी इथल्याच चुलींच्या राखेतून वेचलेल्या काळ्या कोळशागत चोवीस तुकड्यांत चाळलेलं, मळलेलं, भाजलेलं पीठ ओळखलं. शेती सुरू व्हायला अजून सुमारे चार हजार वर्षं होती. एवढी मेहनत कोणी रोजच्या भुकेसाठी करत नसतं. ती करतात कोणी येणार असेल तर.

आले! कुत्री भुंकायला लागली, पोरं ओरडत धावली. धुळीनं माखलेली वीस-पंचवीस माणसं, पाठीवर ओझी, म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलेला एक तरुण. आलिंगनं, ओरडा, एकमेकांच्या गालांचे वास. मळलेलं पीठ तुम्ही तापल्या दगडावर थापता. पापुद्रा सुटतो, कडा करपतात, आणि तो वास उठतो. घरभर, घराबाहेर, वाऱ्यावर. बोलणी थांबतात. सगळ्यांची तोंडं चुलीकडे. याआधी कधी हा वास न घेतलेली पोरं आईच्या हाताला ओढून चुलीपाशी येतात.

तुम्ही रोट मोडता. दहा हात एकदम पुढं येतात. एक तुकडा तुमच्या तोंडात, इतका गरम की जीभ पोळते: बाहेर करकरीत, आत ओलसर, कंदांची किंचित कडू चव, दाण्यांचा गोडवा, आणि दाताखाली काळ्या दगडाची कच. मांस तसंच पडलंय. म्हातारा तुकडा चघळतो, डोळे मिटतो, उघडतो आणि पुन्हा हात पसरतो. त्याच्यामागं आणखी हात.

चुलीपाशीची बाई टोपली उलटी करून दाखवते. तळाला दोन-चार दाणे. मग ती हसून तुमच्याकडे बघते आणि काळ्या दगडाकडे बोट करते. पीठ संपलंय. उठा, रानात जायचंय.